बिनविरोध निवडणूक आणि मतदाराचा नकार

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत एखाद्या जागेसाठी उमेदवारी अर्जांची छाननी आणि माघारीची मुदत या दोन्ही टप्प्यांनंतर एकच उमेदवार रिंगणात उरला, तर त्या जागेसाठी मतदान घेतले जात नाही आणि निवडणूक निर्णय अधिकारी त्या उमेदवाराला निवडून आल्याचे जाहीर करतो. या प्रकाराला बिनविरोध किंवा अविरोध निवडणूक म्हणतात. संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांसाठी हीच तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 53 मध्ये आहे आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांची व्यवस्था त्याच तत्त्वावर उभी आहे. या तरतुदीमागील गृहीतक साधे आहे : जेथे निवड करायला दुसरा कोणी नाही तेथे मत विचारण्यात अर्थ नाही. प्रस्तुत विवेचनाचा सारा रोख या गृहीतकावर आहे, कारण 2013 नंतर भारतातील मतपत्रिकेवर उमेदवारांखेरीज आणखी एक पर्याय आला आणि तो आल्यानंतर ‘निवड करायला दुसरे काही नाही’ हे विधान पूर्वीइतके निःशंकपणे करता येत नाही.

पिंपरी-चिंचवड हे शहर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अनेक कारणांनी सोयीचे आहे. 1970 मध्ये नगरपालिका आणि 1982 मध्ये महानगरपालिका झालेल्या या औद्योगिक नगरीत 1997 साली आसपासची जी गावे सामील करण्यात आली, त्यांत दिघीचा समावेश होता. दिघी पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या वाटेवर आहे, संरक्षण खात्याच्या आस्थापनांनी वेढलेली आहे आणि दारूगोळ्याच्या साठ्याभोवतीच्या प्रतिबंधित पट्ट्यामुळे, म्हणजे ज्याला इथली माणसे सर्रास ‘रेड झोन’ म्हणतात त्यामुळे, तिच्या बांधकाम परवान्यांचा आणि घरांच्या कायदेशीरपणाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिलेला आहे. दिघीच्याच प्रभागात येणाऱ्या बोपखेलचा लष्करी हद्दीतून जाणारा नेहमीचा रस्ता 2015 मध्ये बंद झाला आणि तेथील रहिवाशांना मोठा वळसा घालावा लागू लागला. ज्या वस्तीचे दैनंदिन जगणे महापालिका, राज्य सरकार आणि संरक्षण मंत्रालय अशा तीन दारांवर अडते, त्या वस्तीला आपला नगरसेवक कोण असावा आणि कोण नसावा हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. शिवाय ग्रामपंचायतीच्या काळातील गावकी-भावकी आणि नंतर आलेल्या कामगार व नोकरदार कुटुंबांच्या सोसायट्या या दोन्ही गोष्टी येथे एकाच मतदारयादीत नांदतात, त्यामुळे ग्रामीण बिनविरोध परंपरा शहरात शिरताना तिचे काय होते हेही येथे पाहता येते.

ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिला सरसकट दूषणे देणे अन्यायाचे होईल. निवडणुकीने गावात पडलेली फूट पुढे पाच वर्षे पाणवठ्यापासून लग्नकार्यापर्यंत कशी जाणवते, हे खेड्याशी संबंध असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. वडीलधाऱ्यांनी मंदिरात बसून जागा वाटून घ्याव्यात, एखाद्या आळीने या खेपेला माघार घ्यावी आणि पुढच्या खेपेला तिला मान द्यावा, या व्यवहारात एक प्रकारची समज होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1989 पासून तीन दशके ग्रामपंचायत बिनविरोध निवडली, आणि त्या काळात गावाने पाणलोटाचे व गवताळ जमिनीचे जे काम केले ते देशभर पाहिले गेले. तथापि त्याच गावात 2021 मध्ये काही ग्रामस्थांनी अर्ज मागे घेतले नाहीत, तीस वर्षांनी मतदान झाले आणि पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. या निकालाकडे बहुतेकांनी जुन्या नेतृत्वाचा विजय म्हणून पाहिले. अभ्यासकाच्या दृष्टीने त्यात अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : तीन दशके जी संमती गृहीत धरली गेली होती ती प्रथमच मोजली गेली, आणि मोजल्याने ती कमी झाली नाही.

सर्वत्र असे घडत नाही. जानेवारी 2021 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि त्यांपैकी सुमारे दीड हजार ग्रामपंचायती बिनविरोध झाल्या. त्या वेळी काही आमदारांनी आपल्या मतदारसंघात बिनविरोध होणाऱ्या गावांना विकासनिधी देण्याच्या घोषणा केल्या. पारनेरमध्ये ही रक्कम पंचवीस लाख रुपये जाहीर झाली होती. गुजरातमध्ये तर ‘समरस ग्राम’ योजनेखाली अशा गावांना शासनच अनुदान देते. म्हणजे मतदान न होणे हे सद्गुण मानले गेले आणि त्याला सार्वजनिक पैशाचे बक्षीस लागले. बक्षिसाची भाषा एकदा मान्य झाली की किमतीची भाषा फार दूर राहत नाही. नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यातल्या उमराणे गावी सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली, तर नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे ती बेचाळीस लाखांवर थांबली. दोन्ही ठिकाणी पैसा गावच्या देवस्थानासाठी खर्च व्हायचा होता. राज्य निवडणूक आयोगाने या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. बोलीचा पैसा मंदिराला जाणार असल्याने गावात कोणाला त्यात फारसे गैर वाटले नाही, ही बाब लिलावाइतकीच विचारात घेण्याजोगी आहे.

शहरात आल्यावर बिनविरोधाचा हा सगळा संदर्भ गळून पडतो. महापालिकेच्या प्रभागात हजारो मतदार असतात, ते एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांची ग्रामसभा नसते आणि कोणी माघार घ्यावी हे ठरवायला ते कधी एकत्र बसत नाहीत. त्यामुळे शहरातील बिनविरोध निवड मतदारांच्या समजुतीने ठरण्याची शक्यताच उरत नाही. ती उमेदवार, पक्ष आणि अर्ज यांच्या पातळीवर ठरते : कोणाला पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म मिळाला नाही, कोणाचा अर्ज सूचकाच्या सहीवरून बाद झाला, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कोण निवडणूक कार्यालयात येऊन सही करून गेले. या प्रत्येक टप्प्यावर प्रलोभन, दडपण किंवा केवळ राजकीय हिशेब यांपैकी काय होते हे बाहेरून सिद्ध करणे अवघड असते. मतदार या नाट्यात कोठेच नसतो. त्याला निकालच कळतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये 2017 च्या निवडणुकीत 128 जागांपैकी एक जागा बिनविरोध झाली आणि मतदान 127 जागांसाठी झाले. ती जागा प्रभाग 6 मधील, भोसरीच्या धावडे वस्ती परिसरातील होती. त्या सभागृहाची मुदत 13 मार्च 2022 रोजी संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद व प्रभागरचनेचे बदल यांत अडकल्याने पुढची निवडणूक जवळजवळ चार वर्षे लांबली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले. त्या वेळी पिंपरी-चिंचवडमध्ये दोन जागा मतदानाआधीच निकाली निघाल्या होत्या आणि त्यांपैकी एक पुन्हा प्रभाग 6 मधलीच होती. राज्यभर महापालिकांत साठहून अधिक उमेदवार असे बिनविरोध झाले, त्यांतील बहुसंख्य सत्ताधारी पक्षांचे होते आणि कल्याण-डोंबिवलीचा वाटा त्यांत लक्षणीय होता. त्याआधी नगरपरिषदांच्या निवडणुकीत धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे नगराध्यक्षासह सारी नगरपरिषदच बिनविरोध झाली होती. राज्य निवडणूक आयोगाने महापालिकांतील अशा जागांबाबत स्थानिक अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवले. अहवालाची ही पद्धत मुळात अपुरी आहे, कारण ती माघार घेणाऱ्याला विचारते की तुझ्यावर दबाव होता काय. आणि ज्याच्यावर खरोखर दबाव असेल तो या प्रश्नाला होकार देईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. ज्यांना विचारायला हवे ते मतदार या चौकशीतही बाहेरच राहतात.

मतदाराच्या नकाराचा इतिहास याच्या समांतर चालत आला आहे. निवडणूक संचालन नियम, 1961 मधील नियम 49-ओ नुसार मतदान केंद्रावर येऊन मत न देण्याचा निर्णय मतदाराला घेता येत असे, परंतु तो निर्णय मतदान अधिकाऱ्याला सांगून नोंदवहीत लिहवून घ्यावा लागे आणि त्यापुढे सही किंवा अंगठा करावा लागे. म्हणजे होकार गुप्त होता आणि नकार उघड होता. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने 27 सप्टेंबर 2013 रोजी निर्णय देताना ही विसंगती दूर केली. मत न देणे हाही अभिव्यक्तीचा भाग असून त्यालाही गुप्ततेचे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले आणि मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण ठेवण्याचा आदेश दिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नोटा’ हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. मात्र लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला कितीही मते मिळाली तरी निकालावर परिणाम होत नाही. उमेदवारांत ज्याची मते अधिक तोच निवडून येतो. 2024 मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतल्यावर नोटाला 2,18,674 मते मिळाली. त्याच निवडणुकीत सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादातून बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल 22 एप्रिल रोजी बिनविरोध विजयी ठरले. दोन्ही शहरांत प्रमुख विरोधक नाहीसा झाला होता. एका शहराने त्यावर काय मत दिले हे आज आकड्यात उपलब्ध आहे. दुसऱ्या शहराचे मत काय होते हे कधीच कळणार नाही, कारण तेथे काही अपक्ष शेवटपर्यंत टिकले नाहीत एवढाच काय तो फरक.

स्थानिक संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राने याच्या एक पाऊल पुढे टाकले, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. घटनेच्या 73 व्या व 74 व्या दुरुस्तीमुळे या निवडणुकांचे अधीक्षण भारत निवडणूक आयोगाकडे नसून राज्य निवडणूक आयोगाकडे असते. या आयोगाने, ज. स. सहारिया आयुक्त असताना, नोव्हेंबर 2018 मध्ये असा आदेश काढला की महापालिका, नगरपरिषद वा नगरपंचायतीच्या निवडणुकीत नोटाला सर्व उमेदवारांपेक्षा अधिक मते मिळाली तर कोणालाही विजयी घोषित न करता त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यावी. पुनर्निवडणुकीतही तसेच घडले तर मात्र उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून आला असे मानावे. या आदेशामागे ग्रामपंचायतींतील अनुभव होता. पुणे जिल्ह्यातील बोरी येथे पडलेल्या मतांपैकी 85 टक्क्यांहून अधिक मते नोटाला गेली होती, तर रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यातल्या खावडी येथे 441 मतांपैकी अवघी 130 मते मिळवणारा उमेदवार सरपंच झाला होता. हरियाणाच्या आयोगाने त्याच महिन्यात नोटाला ‘काल्पनिक उमेदवार’ म्हटले आणि नोटापेक्षा कमी मते मिळालेल्या उमेदवारांना पुनर्निवडणूक लढवण्यास मनाई केली.

या आदेशांचा तार्किक शेवट त्यांच्या कर्त्यांनी गाठलेला नाही. नोटा हा जर निवडणूक जिंकू शकणारा उमेदवार असेल, काल्पनिक का असेना, तर एका माणसाचा अर्ज उरल्यावर रिंगणात एकच उमेदवार आहे असे म्हणता येत नाही; तेथे दोघे आहेत. मग मतदान टाळण्याचे कारणच उरत नाही. आजची स्थिती अशी आहे की चार उमेदवार असलेल्या जागेवर मतदार चौघांनाही नाकारू शकतो, दोन असलेल्या जागेवर दोघांनाही नाकारू शकतो, आणि एकच असेल तेथे त्याला नाकारता येत नाही. जेथे नकाराची गरज सर्वांत जास्त तेथेच तो काढून घेतला आहे. त्याहून चिंतेची बाब अशी की या रचनेतून राजकीय हिशेबाला एक निश्चित दिशा मिळते : लोकांत नावडता परंतु साधनसंपन्न असलेल्या उमेदवारासाठी प्रचारावर खर्च करण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीवर खर्च करणे अधिक खात्रीचे ठरते. नोटा जितका प्रभावी करावा तितके हे आकर्षण वाढते, कारण मतदान हाच एक धोका उरतो. नोटाची धार वाढवण्याच्या मागण्या बिनविरोधाच्या तरतुदीला हात न लावता केल्या जातात तेव्हा त्या नकळत उलट परिणाम घडवू शकतात, हे सुधारणावाद्यांच्या साहित्यात क्वचितच आढळते.

एकट्या उमेदवाराला मतदारांसमोर उभे करण्याचे प्रयोग जगाला नवे नाहीत. सोव्हिएत संघात मतपत्रिकेवर एकच नाव असे आणि मतदार ते नाव खोडू शकत असे. दीर्घ काळ या खोडण्याला काही अर्थ नव्हता, पण मार्च 1989 मध्ये मतदान खऱ्या अर्थाने मुक्त होताच लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव्ह समोर कोणी नसताना पराभूत झाले, कारण निम्म्याहून अधिक मतदारांनी त्यांचे नाव खोडले. इंडोनेशियात 2015 च्या संविधान न्यायालयाच्या निर्णयानंतर प्रादेशिक प्रमुखांच्या निवडणुकीत उमेदवारांची एकच जोडी उभी असली तरी मतदान होते. मतपत्रिकेवर तिच्या शेजारी एक रिकामी चौकट असते आणि निम्म्याहून अधिक वैध मते मिळाल्याशिवाय ती जोडी विजयी होत नाही. 2018 मध्ये मकासार या मोठ्या शहरात ही रिकामी चौकट जिंकली. 2024 मध्ये पांकालपिनांग आणि बांका येथे पुन्हा तसेच घडले आणि 2025 मध्ये नव्याने मतदान घ्यावे लागले. या उदाहरणांवरून लोक एकट्या उमेदवाराला नेहमीच नाकारतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. इंडोनेशियात अशा बहुतेक ठिकाणी उमेदवारच जिंकतो. हिवरे बाजारातही तेच झाले. फरक असा की त्या विजयाला मतांचा आकडा असतो.

भारतात हा प्रश्न विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. कलम 53 मधील बिनविरोध निवडीची तरतूद मतदाराचा नोटा वापरण्याचा हक्क हिरावून घेते, असे याचिकेचे म्हणणे आहे. सुनावणीत न्यायालयाने, एकट्या उमेदवारालाही किमान काही टक्के मते मिळवणे बंधनकारक करता येईल काय, असा विचार केंद्र सरकारपुढे ठेवला. निवडणूक आयोगाच्या वतीने असे प्रसंग लोकसभेत फारच विरळ असल्याचे सांगण्यात आले. लोकसभेपुरते ते खरे आहे. पण ग्रामपंचायतीत बिनविरोध निवड हजारोंच्या संख्येने होते आणि आता महापालिकांतही ती अपवाद राहिलेली नाही, त्यामुळे विरळपणाचा हा युक्तिवाद या प्रश्नाच्या खऱ्या क्षेत्रात टिकत नाही. ते क्षेत्र राज्य विधिमंडळ आणि राज्य निवडणूक आयोग यांच्या अखत्यारीतले आहे. दिल्लीतील निकालाची वाट पाहत बसण्याचे त्यांना कारण नाही.

खर्चाचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. एकाच उमेदवारासाठी मतदान केंद्रे, कर्मचारी आणि पोलीस बंदोबस्त उभा करणे ही उधळपट्टी आहे, असे म्हटले जाते, आणि लहान ग्रामपंचायतीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. महापालिकेच्या बाबतीत मात्र तो आक्षेप तपशिलात गेल्यावर विरतो. पिंपरी-चिंचवडमध्ये 32 प्रभाग आणि प्रत्येकात अ, ब, क, ड अशा चार जागा आहेत. मतदार एकाच वेळी प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देतो आणि प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेवर स्वतंत्र नोटा असतो. प्रभागातील एक जागा बिनविरोध झाली तरी उरलेल्या तीन जागांसाठी तेच केंद्र, तेच कर्मचारी आणि तोच मतदार तेथे असतोच. त्याला तीनऐवजी चार बटणे दाबायला सांगितल्याने जो खर्च वाढेल तो एका मतपत्रिकेचा आहे. धावडे वस्तीच्या मतदाराला एका जागेबाबत विचारले गेले नाही आणि दिघी-बोपखेलच्या मतदाराला चारही जागांबाबत विचारले गेले, या भेदाला पैशाचे कारण देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : एकटा उमेदवार नाकारला गेला आणि पुन्हा कोणीच पुढे आले नाही, तर जागा रिकामी राहील आणि त्या भागाचे काम अडेल. येथे किमान मतांची अट, पुनर्निवडणुकीची एकच संधी, नाकारलेल्या उमेदवाराला त्या फेरीपुरती मनाई, आणि तरीही निकाल न लागल्यास जागा ठरावीक काळ रिक्त ठेवणे, असे निरनिराळे मार्ग सुचवले जातात व त्यांच्या गुणदोषांची चर्चा व्हायला हवी. रिक्त जागेचे भय मात्र प्रमाणात पाहिले पाहिजे. दिघीसह संपूर्ण पिंपरी-चिंचवड मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे एकाही नगरसेवकाविना, प्रशासकाच्या कारभाराखाली होते. त्या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, निविदा निघाल्या आणि करही वसूल झाला. ज्या राज्यव्यवस्थेला 128 रिकाम्या खुर्च्या चार वर्षे चालल्या, तिने मतदारांनी विचारपूर्वक रिकामी ठेवलेली एक खुर्ची सहा महिने चालणार नाही असे म्हणायचे असेल, तर त्याची कारणे तिने द्यायला हवीत.